वाय-फाय आहे ना, मॅडम!

माझ्या जुन्या लॅपटॉपची डावी बिजागरी गेल्या पावसाळ्यात निखळली. तेव्हापासून स्क्रीन उभी राहावी म्हणून मी तिच्यामागे मोल्सवर्थचा शब्दकोश टेकवत असे. शब्द अडला की शब्दकोश काढायचा, शब्दकोश काढला की स्क्रीन आडवी, म्हणजे शब्द सापडेपर्यंत वाक्य गायब. बॅटरी एका चहापुरती टिकायची, आणि चहात आलं ठेचून घालायचं असेल तर तेवढीही नाही. अकरा वर्षं सेवा झाली होती. आता नवा घ्यायचा असं मी जेवताना जाहीर केलं आणि घरातल्यांचे चेहरे पडले.

पैशांमुळे नव्हे. मी विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरते, आणि लिनक्सवाल्या माणसाबरोबर लॅपटॉप घ्यायला जाणं म्हणजे काय, हे आमच्या घराने २०१४ साली एकदा सोसलेलं आहे.

"आई, दुकानात जायचं, आवडेल तो उचलायचा, दोन तासांत घरी यायचं," मुलगा म्हणाला. "लोक असेच घेतात."

लोक असेच घेतात हे खरं आहे. लोक प्रोसेसर बघतात, रॅम विचारतात, रंग बघतात, सोबत बॅग मिळणार का ते विचारतात आणि घेऊन टाकतात. मला मात्र आत वाय-फायचं कार्ड कुणाचं आहे हे कळल्याशिवाय झोप लागत नाही. शेजारच्या काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखंच झालं की गं. ही उपमा मला सगळेच देतात आणि मला ती पटत नाही. पत्रिका निदान मागितली की दाखवतात. इथे मुलीकडच्यांनाच मुलीची रास ठाऊक नसते.

माझा धंदा मुद्रितशोधनाचा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं आहे. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, 'शिर' म्हणजे डोकं आणि 'शीर' म्हणजे नस, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी चालेल. एका वेलांटीने लेखकाच्या नायकाचं डोकं जाऊन नस उरते. तेव्हा बारीक अक्षर वाचणं हा माझा हातखंडा, असा माझा समज होता. हा समज लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लिनक्सचं हे सगळं प्रकरण २००६ साली पोस्टमनने सुरू केलं. उबुंटू नावाची लिनक्सची एक आवृत्ती आहे. ती काढणारी मंडळी तेव्हा जगात कुणालाही, मागेल त्याला, सीडी पोस्टाने फुकट पाठवत. टपालखर्चही त्यांचाच. भाच्याने माझ्या नावावर मागणी नोंदवून ठेवली होती, मला न सांगता. पोस्टमन पाकीट देऊन म्हणाला, "परदेशातनं आलंय. पैसे काही नाहीत." आणि तिथेच जिन्यात थांबून राहिला. परदेशातून फुकट काही येतं यावर त्याचा विश्वास नव्हता. माझाही नव्हता. आम्ही दोघांनी मिळून ते पाकीट उघडलं.

(ही सोय २०११ साली बंद झाली. एवढी वर्षं चालली हेच नवल.)

त्या मंडळींना नावं ठेवण्याची मोठी हौस. प्रत्येक आवृत्तीला एक प्राणी आणि त्याला त्याच अक्षराचं विशेषण. २००४ सालची पहिली आवृत्ती म्हणजे 'चामखिळ्या रानडुक्कर'. मला मिळालेली म्हणजे 'रुबाबदार बदक'. भाषांतरात अनुप्रास साधत नाही, पण आपल्याकडे हे खातं असतं तर 'मिजासखोर म्हैस' आणि 'टापटिपीचा टोणगा' कधीच बाजारात आले असते. मी त्या बदकाच्या प्रेमात पडले. यंत्र दिसायला नीटनेटकं, व्हायरसची कटकट नाही, आणि सगळं आपल्या हातात. एकच गोष्ट चालेना. वाय-फाय.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की लॅपटॉप ही एक वस्तू नसून एकत्र कुटुंब आहे. वर झाकणावर आडनाव एकाचं, पण आत आवाजाची चिप एका घराण्याची, कॅमेरा दुसऱ्या, टचपॅड तिसऱ्या आणि वाय-फायचं कार्ड चौथ्याच. प्रत्येकाची बोली वेगळी. ऑपरेटिंग सिस्टिमला ती बोली कळायला मध्ये दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. विंडोजसाठी हा दुभाष्या ती ती कंपनी स्वतः नेमते आणि त्याला पगार देते. लिनक्ससाठी काही कंपन्या नेमतात, काही नेमत नाहीत, आणि काही आपल्या बोलीचं व्याकरणसुद्धा कुणाला बघू देत नाहीत. मग जगाच्या पाठीवर कुठेतरी एखादा माणूस रात्र रात्र जागून, नुसता कान देऊन ती बोली शिकतो आणि दुभाष्याचं काम फुकट करतो. माझ्या कार्डापर्यंत तो माणूस अजून पोचला नव्हता. तोवर भाच्याने एक जुगाड केला: विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर एका वेष्टनात गुंडाळून लिनक्सच्या हाती द्यायचा. दुसऱ्याच्या रेशनकार्डावर साखर आणावी तसं. चालायचं, पण प्रत्येक वेळी छातीत धडधड.

पुढे मी उबुंटूवरून डेबियनवर गेले. डेबियन १९९३ सालचं, इयान मर्डॉकने सुरू केलेलं. त्याने मैत्रिणीच्या आणि स्वतःच्या नावाचा, डेब्रा आणि इयानचा, संधी करून हे नाव घडवलं. लिनक्सच्या गावात डेबियन म्हणजे सेवादलातले काका. खादी, तत्त्व, आणि 'माझ्या घरात हे चालणार नाही'. वाय-फायच्या कार्डाला ड्रायव्हर मिळाला तरी पुरत नाही. त्याच्या स्वतःच्या पोटात चालणारा एक बारका प्रोग्राम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात, आणि कंपन्या तो बहुधा बंद डबीत देतात. आत काय आहे ते कुणाला दिसत नाही. काका म्हणत, जे उघडून बघता येत नाही ते मी माझ्या अधिकृत सीडीवर ठेवणार नाही. बाणेदारपणा खरा, पण परिणाम असा की डेबियन बसवताना ऐन वेळी वाय-फाय चालायचं नाही, आणि ती डबी आणायची तर इंटरनेट हवं, आणि इंटरनेटला वाय-फाय हवं. विहिरीत पडलेली बादली काढायला गळ हवा आणि गळही विहिरीत, असा मामला. शेवटी २०२२ साली त्या मंडळींनी रीतसर मतदान घेतलं आणि २०२३ च्या जूनमध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून बंद डब्या सीडीवर येऊ लागल्या. काकांनी चहात साखर घ्यायला सुरुवात केली. मला थोडं वाईट वाटलं, पण चहा गोड झाला.

तर नवा लॅपटॉप. कोथरूडहून टिळक रस्त्याकडे जाताना रिक्षात नवऱ्याने विचारलं, "पण हे सगळं कशासाठी? जगाचं चालतंच ना?"

मी त्याला प्रिंटरची गोष्ट सांगितली. अमेरिकेत एमआयटीच्या एका प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून एक लेझर प्रिंटर भेट मिळाला होता. त्यात कागद अडकायचा. प्रिंटर एका मजल्यावर, माणसं दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे तासाभराने जाऊन बघावं तर काम पहिल्याच पानावर अडकलेलं. रिचर्ड स्टॉलमन नावाच्या तिथल्या प्रोग्रामरला वाटलं, आधीच्या प्रिंटरला केली होती तशी एक सोय करू: कागद अडकला की ज्याचं काम आहे त्याला निरोप जाईल. त्यासाठी त्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर हवा होता. कार्नेगी मेलनमध्ये एकाकडे तो असल्याचं कळलं, म्हणून हा तिथे गेला आणि मागितला. त्या गृहस्थाने, मी कुणाला न देण्याच्या करारावर सही केली आहे, असं सांगून नकार दिला. स्टॉलमन चिडला. असा चिडला की १९८३ साली त्याने आख्खी मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याचा पण जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीतला एकवीस वर्षांचा विद्यार्थी, लिनस टॉरवाल्ड्स, आपला लिनक्सचा गाभा घेऊन आला आणि दोघांची कामं एकमेकांना जोडली गेली.

"म्हणजे कागद अडकला म्हणून?" नवरा म्हणाला.

"कागद अडकला म्हणून."

तो बँकेतून निवृत्त झाला आहे. कागद अडकण्याचं महत्त्व त्याला समजावून सांगावं लागत नाही.

मग मी त्याला २०१२ ची गोष्ट सांगितली. टॉरवाल्ड्स फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात बोलत होता. श्रोत्यांतल्या कुणीतरी एनव्हिडियाच्या ग्राफिक्स चिपांबद्दल विचारलं. त्याने कॅमेऱ्याकडे बघून मधलं बोट दाखवलं आणि कंपनीचं नाव घेऊन पुढे जे बोलला ते कौटुंबिक अंकात छापता येणार नाही.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर."

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. "मग सुधारले का?" त्याने विचारलं.

"दहा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्यांनी ड्रायव्हरचा थोडा भाग खुला केला."

"लवकर सुधारले," रिक्षावाला म्हणाला आणि सिग्नल तोडून निघाला.

पहिल्या दुकानात मुलाने मला बघताक्षणी विचारलं, "मॅडम, मुलांच्या ऑनलाइन क्लाससाठी का?" आणि रोज गोल्ड रंगाचा एक लॅपटॉप पुढे केला. मी म्हटलं, "वाय-फायचं कार्ड कोणत्या कंपनीचं आहे?" तो म्हणाला, यात सिल्व्हरपण आहे. आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात एक स्वस्त मॉडेल होतं. "यात काय आहे?" "काही नाही मॅडम, डॉस आहे. म्हणजे रिकामा." विंडोजची किंमत वाचावी म्हणून आपल्याकडे फ्रीडॉस घालून लॅपटॉप विकतात, आणि दुकानदार त्याला 'रिकामा' म्हणतात. जिम हॉल नावाच्या एका अमेरिकी विद्यार्थ्याने १९९४ साली डॉस मरू नये म्हणून हे काम हाती घेतलं. जगभरातली माणसं आजही त्यावर खपतात, आणि त्यांच्या श्रमांना टिळक रस्त्यावर 'काही नाही' म्हणतात. मुलगा पुढे म्हणाला, "हजार रुपये द्या, विंडोज टाकून देतो." त्या दुकानात सगळ्यात स्वस्त वस्तू विंडोज होती. मला ती नको होती म्हटल्यावर त्याला माझी कीव आली.

डॉसवाला लॅपटॉप म्हणजे लिनक्सला चालणारा लॅपटॉप, असा एके काळी माझाही समज होता. तसं नसतं. घर रिकामं आहे म्हणजे ते आपल्याला भाड्याने मिळेल असं नव्हे, हे पुण्यात राहिलेल्याला कळतं. तिथे कोणतं कार्ड आहे हा प्रश्न उरतोच.

तिसऱ्या दुकानातला मुलगा लातूरकडचा असावा. बोलायला मोकळा. "मॅडम, आय फाईव्ह आहे, सोळा जीबी, पाचशे बारा एसएसडी. अजून काय पायजे?"

"वाय-फाय?"

"वाय-फाय आहे ना, मॅडम! इनबिल्ट आहे."

"कोणत्या कंपनीचं?"

"लॅपटॉप ज्या कंपनीचा त्याच कंपनीचं."

"तसं नसतं. आत वेगळं कार्ड असतं, इतकंसं. ते कुणाचं?"

"तसं काय नसतंय मॅडम. आजपर्यंत कुणी विचारलं नाही." मग त्याने माझ्या डोक्यावरून नवऱ्याकडे बघितलं. "सर, मॅडमना नेमकं काय पायजे?"

"सांगेल ती," नवरा म्हणाला. "तुम्ही बसून घ्या."

तो बसला. मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला. त्यावर डेबियन होतं, लॅपटॉपला हातही न लावता पेनड्राइव्हवरूनच चालणारं. काढून घेतलं की यंत्र होतं तसं. लिनक्समधली ही सोय मला आंब्याच्या पेटीसारखी वाटते: आधी एक कापून दे, मग भाव बोलू. पण पेनड्राइव्ह दिसताच मुलगा उभा राहिला. "नाय मॅडम. व्हायरस येतंय." आतून मालक आले. मी त्यांना सांगितलं की चालला तर आत्ता पैसे देते, कार्डाने. मालकांनी व्हायरसचा धोका आणि कार्डाचा फायदा यांचा मनातल्या मनात हिशोब केला आणि मान डोलावली.

आता बूट मेनूत शिरायचं. त्यासाठी कुठे एफ दोन, कुठे एफ नऊ, कुठे एफ बारा, कुठे एस्केप. प्रत्येक घराचं दार वेगळ्या किल्लीने उघडतं आणि ती किल्ली दीडच सेकंद चालते. चौथ्या प्रयत्नाला दार उघडलं. स्क्रीन काळी झाली आणि तिच्यावर पांढऱ्या ओळी भराभर धावू लागल्या.

"गेला!" मुलगा म्हणाला. "शेठ, गेला!"

मग डेस्कटॉप उगवला आणि पाठोपाठ कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह. टिळक रस्त्यावरचे सगळे शेजारी ओळीने हजर झाले. एकाच्या राउटरचं नाव 'पासवर्ड मागू नये' होतं. मला इतका आनंद झाला की मी नवऱ्याच्या दंडाला धरलं. त्याने मालकांना सांगितलं, "चाललं बहुतेक."

पण मी एवढ्यावर भुलणारी नाही. आवाज लावून बघितला. डाव्या स्पीकरमधून एक बाई इंग्रजीत 'पुढचा डावा' म्हणाली तेव्हा मुलाने खरंच डावीकडे बघितलं. कॅमेरा चालला. उजेड कमी-जास्त करायच्या कळा चालल्या. मग मी झाकण मिटलं आणि सगळ्यांना चहा घ्यायला लावला. हे महत्त्वाचं. काही लॅपटॉप लिनक्सवर झाकण मिटलं की झोपेचं सोंग घेतात आणि पिशवीत जागेच राहतात. घरी जाईपर्यंत भाकरी भाजावी इतके तापतात आणि बॅटरी शून्यावर. हा गुणी निघाला. झोपला, उठवल्यावर उठला. बोटाचा ठसा मात्र त्याने ओळखला नाही. लिनक्सवर ही चिप बऱ्याचदा मुकीच राहते. मला त्याचं दुःख नाही. भांडी आणि खोडरबर यांनी माझे ठसे कधीच पुसले आहेत, ते कुठल्याच यंत्राला ओळखू येत नाहीत.

मग मी 'दुसऱ्या' हा शब्द टाइप केला. त्यातला अर्धा र नीट आला. 'ॲ' लिहून बघितला, तोही आला. या बिचाऱ्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळायलाच २००८ साल उजाडलं. फाँट लोहित होता. ज्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने श्रीलिपी हे अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर केलं तिच्याच कामातून तो निघाला आणि रेड हॅट या लिनक्स कंपनीने तो जगाला खुला करून दिला. तर पुण्याचीच अक्षरं परदेशी पेनड्राइव्हवर बसून पुण्यातल्या दुकानात आली होती. मी हे मालकांना सांगितलं. ते म्हणाले, अरे वा. मग म्हणाले, पेमेंट कसं करताय?

पेमेंटच्या आधी शेवटची परीक्षा. मी टर्मिनल उघडून एलएसपीसीआय हा हुकूम '-nn' जोडून दिला. त्याने पोटातल्या बहुतेक भागांची यादी कुलक्रमांकासकट येते. वाय-फायच्या ओळीत क्रमांक ८०८६ ने सुरू होत होता. मी मुलाला बोलावून दाखवलं. "हे इंटेलचं कुळ. त्यांच्या १९७८ सालच्या प्रोसेसरचं नाव ८०८६ होतं, तेच त्यांनी पुढे आपल्या सगळ्या वंशावळीला लावलं. वाय-फायच्या जागी ८०८६ दिसलं की डोळे मिटून घ्यायचं." मुलाने मान हलवली. मॉडेलचं नाव मी डायरीत लिहून घेतलं आणि निवांत मनाने पैसे दिले.

"डिस्प्ले पीस कशाला नेता," मालक म्हणाले, "सीलपॅक देतो." नवऱ्याचंही तेच मत. सगळ्यांनी हाताळलेला कशाला? गोदामातून खोकं आलं. मी त्याच्यावरचं मॉडेलचं नाव वाचलं. तेच होतं.

घरी येऊन डेबियन बसवलं. अर्ध्या तासात सगळं झालं. आवाज, कॅमेरा, कळा, झोप. कोपऱ्यात फक्त वाय-फायचं चिन्ह नव्हतं. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, जे आपण सगळे करतो. मग टर्मिनल उघडलं. वाय-फायच्या ओळीत ८०८६ नव्हतं. भलताच क्रमांक होता, एका वेगळ्या कंपनीचा. तिचं नाव सांगत नाही, कारण तिची याच कार्डाची थोरली बहीण लिनक्सवर उत्तम नांदते. या धाकटीला मात्र गाभ्यात अजून दुभाष्या मिळाला नव्हता.

मी खोकं पुन्हा उजेडात नेलं, चष्मा पुसला आणि नावावर बोट ठेवून वाचलं, जसं मी प्रूफ वाचते. सगळी अक्षरं तीच. शेवटचं अक्षर डायरीत 'जी' होतं. खोक्यावर 'क्यू'.

लॅपटॉपवाल्या कंपन्या हे सर्रास करतात. मॉडेल एकच, पण ज्या महिन्यात जे कार्ड स्वस्त मिळेल ते आत. फरक सांगायला शेपटाचं एखादं अक्षर बदललं की त्यांची जबाबदारी संपली, आणि कधी तेवढंही करत नाहीत. हे मला माहीत होतं. वीस वर्षं माहीत होतं. आणि तरी तीस वर्षांच्या मुद्रितशोधनानंतर मला 'जी' आणि 'क्यू' यांतली शेपटी दिसली नाही. मी ज्या लेखकांना 'नजरचुकीने' हा शब्द समासात लिहू देत नाही ते सगळे माझ्या डोळ्यांसमोरून हसत गेले.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. मुद्रणदोष," मी म्हटलं.

फोन केबलने जोडून त्याचं इंटरनेट लॅपटॉपला दिलं. सगळं अडलं की हीच युक्ती हाताशी असते आणि ती बहुतेक वेळा लागते. शोधलं तर एका भल्या माणसाने त्या कार्डासाठी ड्रायव्हर लिहायला घेतला होता. अर्धामुर्धा. तो आपणच आपल्या यंत्रावर घडवायचा, आणि गाभा बदलला की पुन्हा घडवायचा. माझी आजी नवा तांदूळ वर्षभर कणगीत ठेवायची. लगेच शिजवला तर भात चिकट होतो म्हणायची. लिनक्सवालेही नव्या चिपेबाबत तेच सांगतात: वर्षभर थांबा, गाभ्यात दुभाष्या येऊ द्या, मग शिजवा. मला तो तांदूळ त्याच रात्री हवा होता. एका कादंबरीची दुसरी प्रुफं द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी खोकं घेऊन मी दुकानात. मालक म्हणाले, "सील फोडलंय मॅडम. आणि विंडोजवर चालतंय की नाही?" चालत असणार. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. अडीच वाजले होते, दुकान रिकामं, पंखा फिरत होता. तेव्हा तो लातूरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, ते डिस्प्लेवाल्यात ८०८६ होतं ना? त्यातलं ह्यात टाकू, ह्यातलं त्यात. डिस्प्लेवर तर विंडोजच चालतंय."

मी त्याच्याकडे बघत राहिले. आदल्या दिवशी वाय-फायला आईबाप असतात हे त्याच्या गावी नव्हतं.

"वॉरंटीचं काय?" नवऱ्याने विचारलं. मालकांनी पंख्याकडे बघितलं.

दोन्ही लॅपटॉप काउंटरवर पालथे पडले. प्रत्येकी दहा स्क्रू, मग जुनं एटीएम कार्ड फटीत घालून टकटक करत सगळी कड सोडवायची. आत ते कार्ड, काडेपेटीच्याही अर्धं. एक स्क्रू आणि दोन तारा, एक काळी, एक पांढरी, टोकाला सोनेरी टिकल्या. तारा काढणं सोपं. लावताना मुलाची बोटं मोठी पडू लागली. टिकली बसे, घसरे, बसे, घसरे. त्याच्या कपाळावर घाम आला.

"सरक," मी म्हटलं. ते टिचबटण होतं. हुबेहूब ब्लाउजचं टिचबटण, फक्त मोहरीएवढं. चाळीस वर्षं न बघता पाठीमागे हात नेऊन जे लावलं आहे ते समोर काउंटरवर लावायला मला किती वेळ लागणार? टिच. टिच. मग दुसऱ्या लॅपटॉपचं, टिच, टिच. मालक उठून बघायला आले होते.

डिस्प्लेच्या लॅपटॉपने विंडोज उघडलं, दोन मिनिटं विचार केला आणि निमूट वाय-फायला जोडला गेला. त्याला कुणाशीही जमतं. माझा उघडला आणि कोपऱ्यात सगळा टिळक रस्ता हजर झाला, 'पासवर्ड मागू नये' सकट. मुलाने स्वतःच टर्मिनल उघडायला लावलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "८०८६," तो म्हणाला, परीक्षेचा निकाल वाचावा तसं.

निघताना तो पायऱ्यांपर्यंत आला. गावाकडे बहिणीकडे जुना लॅपटॉप आहे, चांगला आहे, पण विंडोज अकरा घेत नाही, आणि विंडोज दहाची नेहमीची दुरुस्ती आता मिळत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने तिचा शिधा बंद केला. ती अभ्यास करते त्यावर. तर हे पेनड्राइव्हवालं त्या लॅपटॉपवर चालेल का? मी पर्समधून पेनड्राइव्ह काढून त्याच्या हातावर ठेवला. फोन नंबरही दिला. तेव्हा नवरा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता तिचा अर्थ मला पुढच्या आठवड्यात कळला.

रविवार होता, रात्रीचे नऊ. मी पिठलं ढवळत होते. फोन वाजला. मागे बहिणीचा आणि आणखी चार-पाच माणसांचा आवाज, एक कोंबडं, आणि मग तो.

"मॅडम, काळं होऊन पांढऱ्या ओळी आल्या. आता सगळं आलंय. पण ८०८६ नाहीये."

मी गॅस बारीक केला आणि खुर्ची ओढली.